परांचीवर चढण्याआधी

पेण आणि रोह्यात नव्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या परांचीवर आपल्याच वस्तीतले गवंडी, बिगारी आणि डोक्यावर घमेलं घेतलेल्या बायका असतात. कुणी पडला की लोक म्हणतात, ‘त्याचं लक्ष नव्हतं.’ मला हे पटत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना अवजड यंत्र कोसळून २० जण गेले. त्याची बातमी झाली. आपल्याकडचा तीन मजल्यांवरून पडलेला बिगारी बातमीत येत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला, तो ५०० कामगारांच्या कामावर. पेणच्या इमारतीवर असतात पंधरा-वीस. मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे. त्यात काम उक्तं घेतलेलं, म्हणजे जितकी घाई तितके पैसे. पट्टा बांधायला दोन मिनिटं जातात, म्हणून तो खुंटीलाच राहतो. मंडळाकडून मिळालेलं हेल्मेटही कितीतरी घरांत खाटेखाली पडलेलं मी पाहिलं आहे. (बायकांचं म्हणणं खरं आहे: हेल्मेटवर चुंबळ बसत नाही.)

पावसाळ्यात पायाच्या खड्ड्याची भीती जास्त. ओली माती घनमीटरला दीड टनाहून जड भरते. छातीवर कोसळली तर तोंड उघडं असूनही श्वास घेता येत नाही. खांद्याइतक्या खोल खड्ड्याला फळ्यांचा आधार नसेल तर आत उतरू नका.

मी वॉर्डात असताना एका तरुणाला आणलं होतं. चौघांनी हातपाय धरून उचललेलं, टेम्पोत आडवं टाकलेलं. मणका मोडलेला असताना असं उचललं तर मज्जारज्जूला आणखी इजा होते, पाय कायमचे जाऊ शकतात. पडलेल्याला बसवू नका, पाणी पाजू नका. मान-डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा, रक्त वाहत असेल तिथे कापड दाबा, १०८ ला फोन करा. हलवावंच लागलं तर सेंट्रिंगच्या फळीवर, सगळ्यांनी एकदम. विजेचा झटका बसला असेल तर आधी मेन स्विच बंद, मगच हात लावा.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी १८ ते ६० वयाच्या कामगाराला करता येते. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवक किंवा नगरपरिषदेकडे मागा. कामावर मृत्यू झाल्यास नोंदणी असलेल्याच्या वारसाला ५ लाख मिळतात. नोंदणी चालू आहे ना, हे आज घरी गेल्यावर कार्डावर पाहा.