शेतावरील बाहेरचें स्वयंपाकघर : घेण्याच्या रीती व त्यांचा खरा खर्च

शेतावर घराबाहेर स्वयंपाक करण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. आवणीच्या दिवसांत वीस-पंचवीस माणसांच्या भाकरी, झोडणीच्या वेळीं खळ्यावरचा चहा, घरचें लग्नकार्य, या सर्वांस घरांतील ओटा पुरत नाहीं व अंगणांत तीन दगड मांडून काम भागवावें लागतें. अलीकडे मुंबई-कल्याणकडील पाहुणे सुटीच्या दिवशीं पैसे देऊन शेतावर जेवावयास येऊं लागल्यापासून या तीन दगडांच्या जागीं कायमचें, नीटनेटकें स्वयंपाकघर असावें असें कित्येक खातेदारांस वाटूं लागलें आहे. ही इच्छा गैर नव्हे. परंतु विकणारा सांगतो ती किंमत आणि आपणांस पडणारा खर्च, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि त्यांतील अंतर ध्यानांत न आल्यामुळें भाताचा पैसा विटांत अडकून बसतो.

उदाहरणाकरितां अंबरनाथ तालुक्यांतील चामटोलीची जमीन घेऊं. हें गांव बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान, उल्हास नदीच्या खोऱ्यांत आहे. ता. २७ जुलै २०१९ रोजीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस याच टापूंत पुराच्या पाण्यानें वेढली गेली आणि हजाराहून अधिक उतारूंस बाहेर काढावें लागलें. ज्या शिवारांत आगगाडी अडकून पडते, तेथें शेगड्या व कपाटें जमिनीवर मांडून निर्धास्त राहतां येत नाहीं. म्हणून येथील हिशेबांत जोत्याची उंची व छप्पर हीं प्रथम धरावीं. शोभेचा विचार मागाहून.

स्वयंपाकघर मिळविण्याच्या रीती मुख्यतः चार. मंडपवाल्याकडून शेगड्या, पातेलीं व छत दिवसाच्या भाड्यानें आणणें. सामान आपण घेऊन गवंड्याकडून ओटा बांधवून घेणें. सर्व काम ठेकेदारास उक्तें देणें. आणि स्टेनलेस पोलादाचा तयार ओटा रोखीनें किंवा हप्त्यानें विकत घेणें. यांची तुलना एकाच मापानें केली पाहिजे, व तें माप म्हणजे चूल पेटण्याचा एक दिवस. खालील रकमा बाजारभाव म्हणून दिल्या नाहींत, हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतल्या आहेत. वाचकांनीं त्या जागीं आपल्या गांवचे भाव घालावे.

समजा, भाडें दिवसास १,५०० रुपये पडतें व वर्षांतून बारा दिवस बाहेर स्वयंपाक होतो. वर्षाचे १८,००० झाले. तेंच जोतें, छप्पर व ओटा मिळून ६०,००० रुपयांत बांधून घेतला व तो पंधरा वर्षें टिकला, तर वर्षाची झीज ४,०००. शाकारणी, रंग व किरकोळ डागडुजी २,०००. आणि गुंतलेल्या पैशावरील बुडालेलें व्याज, सरासरी निम्म्या रकमेवर ७ टक्क्यांनीं, २,१००. एकूण ८,१०० रुपये, म्हणजे दिवसास ६७५. हें भाड्याच्या निम्म्याहूनही कमी दिसतें. पण हेच ८,१०० रुपये चूल पेटो वा न पेटो, दरवर्षीं लागणारच. ज्याच्याकडे वर्षांतून पांचच दिवस बाहेर स्वयंपाक होतो, त्यास भाड्याचे ७,५०० रुपये पडतील. त्यानें बांधकामाच्या नादीं लागूं नये. सहाव्या दिवसापासून पारडें फिरतें. तेव्हां गवंड्यास बोलाविण्यापूर्वीं गेल्या दोन वर्षांतले असे दिवस मोजावे. पुढें येतील म्हणून मनांत धरलेले पाहुणे त्यांत मिळवूं नयेत.

आतां हप्त्याचा प्रकार पाहूं, कारण फसगत येथेंच अधिक होते. तोच ६०,००० रुपयांचा तयार ओटा ‘सालीना १२ टक्के सरळ व्याजानें, दोन वर्षांच्या हप्त्यांनीं’ मिळतो असें सांगतात. व्याज १४,४०० झालें, एकूण ७४,४०० रुपये, दरमहा ३,१०० चा हप्ता. बारा टक्के ऐकावयास सौम्य वाटतात. परंतु मुद्दल दरमहा फिटत असतां व्याज मात्र पहिल्या पूर्ण रकमेवरच चालूं राहतें. उरलेल्या मुद्दलावर आकारणी केली तर हाच दर सालीना सुमारें साडेएकवीस टक्के पडतो. म्हणून देणाऱ्यास एकच प्रश्न विचारावा : व्याज घटत्या मुद्दलावर कीं मूळ रकमेवर? ‘बिनव्याजी’ हप्त्याचेंही तसेंच आहे. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१३ मध्यें बँकांच्या अशा योजनांस हरकत घेतली, ती याच कारणानें कीं व्याज नाहींसें होत नसून किंमतींत किंवा आकारणीशुल्कांत दडविलेलें असतें. रोखीनें घेतल्यास किती सूट, हें आधीं विचारावें; जी सूट हप्त्यानें घेणारास मिळत नाहीं, तेंच त्याचें व्याज.

शिवाय तयार ओट्यास जोतें व छप्पर लागतेंच. त्यांस २५,००० धरले तर एकूण ९९,४०० रुपये. ओटा व छप्पर आठ वर्षें टिकलें असें मानूं, कारण चामटोलीसारख्या पावसाच्या मुलखांत पातळ पत्रा फार काळ तग धरीत नाहीं. मग झीज १२,४२५ व डागडुजी २,००० मिळून वर्षास १४,४२५, म्हणजे बारा दिवसांच्या मानानें दिवसास १,२०० च्या वर. भाड्यापेक्षां स्वस्त पडावयास येथें वर्षांतून दहा दिवस तरी चूल पेटली पाहिजे.

पोलादाविषयीं एक सूचना. ३०४ क्रमांकाच्या पोलादांत सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें, व तें दमट हवेंत टिकतें. २०२ क्रमांकाच्या पोलादांत निकेलाचा बराचसा भाग कमी करून मँगनीज घालतात. तें स्वस्त, पण लवकर डागाळतें. दुकानदार लोहचुंबक लावून ‘चिकटत नाहीं, म्हणजे अस्सल’ असें दाखवितो; परंतु सामान्यतः २०२ लाही चुंबक चिकटत नाहीं. आमच्या घरीं अशाच परीक्षेवर घेतलेला एक ओटा दुसऱ्याच पावसाळ्यांत सांध्यांवर तांबूस झाला. क्रमांक पावतीवर लिहवून घ्यावा, हाच उपाय.

बांधकामांत आमचा कल सामान आपलें व मजुरी उक्ती याकडे आहे. सर्वच उक्तें दिलें तर रेतीचें व सिमेंटचें प्रमाण आपल्या हातीं राहत नाहीं. तीन मीटर लांब व साठ सेंटिमीटर रुंद ओट्याच्या भिंतींस मोडतोड धरून अडीचशेंच्या आसपास विटा पुरतात. मग हजार विटांची गाडी कां मागविली, असें गवंड्यास विचारण्यास संकोच नको. सिमेंटवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हां त्याआधींचा अंदाज कोणी पुढें केल्यास तो पुन्हां करवून घ्यावा. वर कडप्पा घालावयाचा असेल तर चुलीची आंच त्यास लागूं देऊं नये, तो तडकतो. चुलीच्या तोंडाशीं आगविटा लावाव्या. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून घराच्या ईशान्येस जागा काढल्यास सरी आंत येत नाहींत व धूर घरांत शिरत नाहीं. पेंढ्याची उडवी मात्र तेथून लांब पाहिजे.

पैसा कोठून आणावा? किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेंत दहा टक्के रक्कम घरखर्चादिकांकरितां धरलेली असते, व पीककर्जाचा दर कमी असल्यामुळें तेथूनच उचल करण्याचा मोह होतो. पण तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावरील ७ टक्क्यांतून मिळणारी ३ टक्क्यांची सूट मुदतींत फेड करणारासच आहे. आवणीचा पैसा ओट्यांत गेला, भात हातचें गेलें व मुदत टळली, तर महाग होतें तें सर्व कर्ज. भात विकून जें उरेल त्यांतूनच हें काम करावें. एका वर्षीं जोतें व छप्पर, दुसऱ्या वर्षीं ओटा, असें केल्यानेंही कांहीं बिघडत नाहीं.

जळणाचा खर्च वरील हिशेबांत घेतला नाहीं, कारण तो रीतीगणिक फारसा बदलत नाहीं. मात्र चार-पांच गुरें असतील तर दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्रास रोज पन्नास किलोच्या सुमारास शेण लागतें, व त्यापासून पाऊण ते एक किलो सिलिंडरच्या गॅसाइतकें जळण मिळतें. पाहुण्यांकडून पैसे घ्यावयाचे असल्यास घरगुती सिलिंडर चालत नाहीं, व्यापारीच घ्यावा लागतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वयें नोंदणीही लागते. राज्याच्या २०२० च्या कृषि पर्यटन धोरणाखालीं नोंदणी करूं इच्छिणारांनीं तिच्या अटी बांधकामापूर्वींच वाचाव्या, म्हणजे ओटा दुसऱ्यांदा फोडावा लागणार नाहीं.

कामास दिवाळीनंतर, भात घरांत आल्यावर हात घालावा. तेव्हां गवंडी मोकळा असतो व नदीही उतरलेली असते. जोत्याची उंची २०१९ च्या पुराचें पाणी आपल्या अंगणांत जेथवर चढलें होतें त्याहून हातभर अधिक ठेवावी; तें शक्य नसेल तर ओटा पक्का पण शेगड्या व सिलिंडर सुटे ठेवावे, म्हणजे पाणी चढूं लागतांच दोन माणसें ते माळ्यावर नेऊं शकतात.