क्रॅश रिपोर्ट: कोण लिहितो, कुठे जातो, काय सांगतो

कोसळलेला प्रोग्राम स्वतःच आपला अहवाल लिहितो, असे अनेकांना वाटते. पण त्या क्षणी त्याची मेमरी बिघडलेली असू शकते आणि त्याच्या कोणत्याच कोडवर विसंबता येत नाही. म्हणून नोंद शक्यतो बाहेरून घेतली जाते. प्रोग्रामने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात घातला की प्रोसेसर त्याला तिथेच थांबवून कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कळवतो. मग विंडोजमध्ये वेरफॉल्ट, मॅकवर रिपोर्टक्रॅश असा वेगळाच प्रोग्राम चालू होऊन पंचनामा करतो. लिनक्समध्ये कर्नल स्वतः कोअर फाइल (प्रोग्रामच्या मेमरीची प्रत) लिहितो किंवा ते काम सिस्टिमडी-कोअरडंपसारख्या प्रोग्रामकडे सोपवतो.

खुद्द कर्नलच कोसळला, म्हणजे विंडोजचा निळा (नव्या आवृत्त्यांत काळा) पडदा आला, तर अडचण मोठी असते. नवी फाइल तयार करायला फाइल सिस्टिमचा कोड लागतो, आणि तोच बिघडला असेल तर डिस्कवरचा चांगला डेटाही खराब होईल. त्यामुळे मेमरीतला मजकूर सहसा डिस्कवर आधीच राखून ठेवलेल्या पेजफाइलमध्ये ओतला जातो आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्यातून डंप फाइल बनते. पडद्यावरची टक्केवारी पूर्ण होण्याआधी पॉवरचे बटण दाबले, तर हा पुरावा अर्धवट राहतो.

अहवालातून संगणकातले सगळे काही कंपनीकडे जाते, ही भीतीही अतिरंजित आहे. विंडोजची अहवाल यंत्रणा आधी थोडकीच माहिती पाठवते: प्रोग्रामचे नाव व आवृत्ती, कोणत्या मॉड्यूलमध्ये कोणत्या जागी बिघाड झाला, आणि त्रुटीचा कोड. कंपनीच्या सर्व्हरने मागितला तरच मिनीडंप, म्हणजे मेमरीतल्या निवडक भागाची छोटी नोंद, पुढे जातो. त्यात मुख्यतः रजिस्टरमधली मूल्ये, थ्रेडचे स्टॅक (चालू फंक्शन्सची तात्पुरती माहिती) आणि लोड झालेल्या मॉड्यूलची यादी असते. मात्र खासगी काहीच जात नाही, असे म्हणणेही तितकेच चूक. उघड्या दस्तऐवजातला किंवा पासवर्डचा तुकडा स्टॅकमध्ये सापडू शकतो. अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था विंडोजचे असे अहवाल वाटेत टिपून लक्ष्याच्या संगणकाची माहिती मिळवते, असे वृत्त डिसेंबर २०१३मध्ये जर्मनीच्या ‘डेअर श्पीगल’ने दिले होते. अहवालांचा काही भाग तेव्हा एन्क्रिप्ट न करता पाठवला जात असे.

हे अहवाल कुणी वाचत नाही, या समजात निम्मेच तथ्य आहे. प्रत्येक अहवाल माणूस वाचत नाही हे खरे, पण सारख्या खुणांचे अहवाल एका गटात टाकून मोजले जातात आणि ही मोजणीच खरे काम करते. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी २००२मध्ये ग्राहकांना कळवले होते की सुमारे २० टक्के बग ८० टक्के त्रुटींना कारणीभूत ठरतात आणि निम्म्या त्रुटी तर अवघ्या एक टक्का बगमुळे होतात. कोणता बग आधी दुरुस्त करायचा, हे त्यावरून ठरवता येते.

सर्वांत फसवा समज म्हणजे अहवालात ज्याचे नाव तोच दोषी. अहवाल पडण्याची जागा सांगतो. ढकलणारा दुसराच असू शकतो. एखाद्या ड्रायव्हरने मेमरीतला चुकीचा भाग पुसला आणि काही वेळाने त्या भागावर विसंबलेला कर्नल कोसळला, तर नाव कर्नलचे येते. सदोष रॅम किंवा मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवलेला प्रोसेसर यांमुळेही निर्दोष कोडवर आळ येतो. शिवाय मिनीडंपमध्ये बहुधा नुसते पत्तेच असतात. त्यांवरून फंक्शनची नावे काढायला नेमक्या त्याच आवृत्तीच्या सिम्बॉल फाइल्स लागतात आणि त्या सहसा निर्मात्याकडेच असतात.