करसवलतीच्या कागदावर उभी राहिलेली घरं

ऑस्टिनच्या अकराव्या रस्त्यावर, टेक्सासच्या विधानभवनाचा घुमट जवळच दिसावा अशा जागी, 'कॅपिटल स्टुडिओज' नावाची इमारत आहे. एका खोलीची 135 घरं. 'फाउंडेशन कम्युनिटीज' या बिगरनफा संस्थेनं ती 2014 मध्ये सुरू केली. शहराच्या ऐन मध्यात, जिथं चांगल्या पगारदारालाही जागा परवडेना, तिथं हॉटेलात भांडी घासणारा माणूसही भाडेकरू म्हणून राहू शकतो. इमारत सरकारी नव्हे. तिच्यात मुरलेला सरकारचा बराचसा पैसाही सरकारनं हातानं दिलेला नाही. घ्यायचा तो सोडून दिलाय.

ही युक्ती 1986 सालची. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या करसुधारणा कायद्यात कलम 42 घातलं गेलं, आणि गरिबांच्या घरांचा कारभार चक्क आयकर खात्याकडे आला. दरवर्षी प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या प्रमाणात टॅक्स क्रेडिटचा कोटा मिळतो. राज्य तो निवडक बिल्डरांना वाटतं. बिल्डरला स्वतःला एवढा कर नसतोच, म्हणून तो प्रकल्पात भागीदारी देऊन ही सवलत बँकांच्या पदरात टाकतो आणि रोख उभी करतो. आपल्याकडच्या टीडीआरशी, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कांशी, ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल: घर एकीकडे, त्याचा पैसा करणारा कागद भलत्याच बाजारात.

धरून चला, जमीन वगळून बांधकामाचा पात्र खर्च 1 कोटी डॉलर आहे. नऊ टक्क्यांच्या दरानं वर्षाला 9 लाख, असं दहा वर्षं. म्हणजे 90 लाखांचा कर माफ. आणि माफ म्हणजे उत्पन्नातून वजावट नव्हे, भरायच्या करातूनच डॉलरला डॉलर वजा. बँकेनं डॉलरमागे 90 सेंट मोजले, तर 81 लाख आधीच हातात. तेवढं कर्ज कमी, म्हणून भाडं कमी. चार टक्क्यांची दुसरी जात आहे, ती करमुक्त रोख्यांबरोबर येते. तिच्यात पैसा थोडा, पण स्पर्धाही थोडी.

नऊ टक्क्यांसाठी मात्र झुंबड. टेक्सासमध्ये अर्जांना गुण मिळतात, आणि कित्येक वर्षं त्यांत स्थानिक आमदाराच्या पत्रालाही गुण होते. शिफारसपत्र फक्त आपल्याकडेच लागतं असं नाही! श्रीमंत वस्तीतला आमदार असं पत्र कशाला देईल? डॅलसमध्ये ही घरं कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतच साचतात, ही तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. हेतू सिद्ध झाला नाही तरी परिणामावरून भेदभावाचा दावा चालवता येतो, असा निकाल 2015 मध्ये लागला.

मला खटकतं ते वेगळंच. इथलं भाडं भाडेकरूच्या पगारावर ठरत नाही, गावाच्या मध्यम उत्पन्नावर ठरतं. चौघांच्या कुटुंबासाठी ऑस्टिन परिसराचा हा आकडा 2021 मध्ये 98,900 डॉलर होता, 2024 मध्ये 1,26,000 झाला. संगणकवाल्यांचे पगार फुगले, त्यात स्वयंपाकिणीचा काय दोष? पण या आकड्याच्या साठ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांच्या गटातल्या दोन बेडरूमच्या घराची भाडेमर्यादा वीज-पाण्यासह महिना सुमारे 1,335 वरून 1,700 डॉलरवर गेली. उलट शहरात इतकं बांधकाम झालं, की खुल्या बाजारातली भाडी त्याच सुमारास उतरली. काही ठिकाणी 'परवडणारं' घर शेजारच्या साध्या घराच्या भावाला येऊन भिडलं. शहरानं मात्र आधीच एक वेगळी वाटही धरली होती: मतदारांनी परवडणाऱ्या घरांसाठी 2018 मध्ये 25 कोटी आणि 2022 मध्ये 35 कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. त्या पैशातून तीस-चाळीस टक्के गटातली घरंही जमवता येतात.

उत्पन्न मर्यादेत आहे ना हे तपासायचं, म्हणून भाडेकरूची फाइल जाडजूड असते. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, घरात कोण कोण राहतं त्याचं प्रतिज्ञापत्र. सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर, काही अपवाद सोडून, घर नाही. आत आल्यावर पगार वाढला म्हणून मात्र कुणी बाहेर काढत नाही.

बँकेला सवलत दहा वर्षांत मिळून जाते, ती परत घेतली जाण्याची भीती पंधरा वर्षं असते, आणि भाड्यावरचं बंधन साधारण तीस वर्षं. पंधराव्या वर्षी बँक बाहेर पडते. तेव्हा इमारत बिगरनफा संस्थेच्या हाती असेल तर घोर नसतो. ती खासगी मालकाची असली, आणि मधल्या काळात समोरच्या रिकाम्या प्लॉटवर काचेचा टॉवर उभा राहिला असला, की भाडेकरू करार काढून त्यातली शेवटची तारीख शोधायला लागतात.