अस्थी, व्याधी आणि कलानिर्मिती : फ्रिडा काहलो यांच्या तीन चित्रांच्या संदर्भात

प्रस्तावना :
निरोगी माणसाला आपल्या हाडांची जाणीव सहसा नसते. हाड मोडले म्हणजेच त्याचे अस्तित्व कळते. मेक्सिकन चित्रकर्ती फ्रिडा काहलो (१९०७-१९५४) यांच्या कलेत ही जाणीव केंद्रस्थानी आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या तीन चित्रांतील अस्थिप्रतिमांचा विचार केला आहे.

व्याधीची पार्श्वभूमी :
सहाव्या वर्षी झालेल्या पोलिओमुळे काहलो यांचा उजवा पाय कृश राहिला. १७ सप्टेंबर १९२५ रोजी मेक्सिको शहरात त्यांची बस व ट्राम यांची टक्कर झाली. पाठीचा कणा, कटीचे हाड व उजवा पाय मोडला. वैद्यकीय शिक्षणाचा मनोदय सोडावा लागला आणि अंथरुणावर खिळलेल्या अवस्थेत त्या चित्रकलेकडे वळल्या.

चित्रांतील अस्थी :
'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' (१९३२) हे चित्र डेट्रॉइट येथील गर्भपातानंतरचे आहे. रुग्णशय्येवरील स्त्रीच्या हातातून निघालेल्या तांबड्या फितींना सहा वस्तू बांधलेल्या असून त्यांपैकी एक कटीचे हाड आहे. शरीरशास्त्राच्या पुस्तकातील आकृतीप्रमाणे ते शरीराबाहेर, एखाद्या पुराव्यासारखे मांडले आहे.

'भग्न स्तंभ' (१९४४) मध्ये दृष्टी शरीराच्या आत वळते. तेथे मात्र मणके नाहीत. त्यांच्या जागी ठिकठिकाणी तडकलेला ग्रीक आयोनिक स्तंभ आहे. त्वचेत खिळे रुतले आहेत आणि आधारपट्ट्याने शरीर सावरून धरले आहे. क्ष-किरण चित्र हाड कोठे मोडले ते दाखवते; मोडलेल्या हाडाने भार पेलणे म्हणजे काय, हे दाखवत नाही. भार पेलणे हेच स्तंभाचे कार्य असल्याने ही प्रतिमा ती उणीव भरून काढते.

'आशावृक्ष' (१९४६) हे चित्र न्यूयॉर्कमधील कण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे. त्यात एक स्त्री पाठीवरील ताज्या छेदांसह आडवी आहे, तर दुसरी आधारपट्टा हाती घेऊन ताठ बसली आहे. येथे हाड दिसतच नाही. छेद व पट्टा यांवरून ते प्रेक्षकाने ओळखायचे आहे.

समारोप :
शरीराबाहेरील अस्थी, तिच्या जागी आलेला स्तंभ आणि अखेर अदृश्य झालेली अस्थी असा हा प्रवास आहे. कलेने व्याधी बरी केली, असे म्हणता येत नाही. १९५३ मध्ये काहलो यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तथापि, वैद्यकीय नोंदीत न मावणाऱ्या वेदनेला या चित्रांनी रूप दिले, हेच त्यांचे महत्त्व होय.