दलदलीतली गाडी: ‘सायको’ आणि आपले सात गैरसमज

हिचकॉकचा ‘सायको’ मी पहिल्यांदा पाहिला तो एका मित्राच्या खोलीवर, रात्री अकरानंतर, लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला गेलो तेव्हा न्हाणीघराची कडी नीट लागली ना, ते दोनदा पाहिलं. आमच्याकडे शॉवर नव्हता आणि पडदाही नव्हता. बालदी, तांब्या आणि एक डुगडुगणारा पाट, एवढाच संसार. १९६० सालच्या कृष्णधवल अमेरिकी सिनेमाचा बालदी-तांब्यावाल्याशी काय संबंध? पण कडी तपासली खरी.

ज्याला आपण सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणतो, त्या जातीच्या सिनेमांबद्दल बोलायची वेळ आली की हा ‘सायको’ हमखास निघतो. त्याच्यासोबत काही समजुतीही निघतात आणि त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या असतात. काही निरुपद्रवी आहेत, काही मात्र खऱ्या माणसांना बोचतात. (पुढे सिनेमाचा शेवट सांगितला आहे. त्याबद्दल आधीच रागावू नका, दुसरा गैरसमज त्याचाच आहे.)

गैरसमज १: शॉवरच्या दृश्यात सुरा अंगात घुसताना स्पष्ट दिसतो.

वस्तुस्थिती: सिनेमा पाहिलेले लोक शपथेवर सांगतात की आपण जखमा पाहिल्या. काहींना तर रक्त लालभडक आठवतं. सिनेमा कृष्णधवल आहे आणि ते रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं. सुऱ्याचा आवाज आला तो खरबुजाच्या जातीच्या फळात सुरी खुपसून. सुरा पोटाला टेकल्यासारखा दिसतो ती चित्रं अगदी मोजकी, डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जाणारी. बाकी सगळं आहे ते तुकड्यांमध्ये: हात, तोंड, पाणी, पडदा, फरशी. हल्ल्याचा भाग मिनिटभराचाही नाही, पण त्या दृश्याच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले. २०१७ साली या एकाच दृश्यावर एक अख्खा माहितीपट निघाला. त्याचं नाव ‘७८/५२’. ७८ वेळा कॅमेऱ्याची मांडणी, ५२ कट.

या दृश्याला आणखी दोन दंतकथा चिकटलेल्या आहेत. नायिका झालेल्या जेनेट लीची किंकाळी खरी वाटावी म्हणून हिचकॉकनं अचानक बर्फगार पाणी सोडलं, ही पहिली. ती स्वतः लीनेच खोडून काढली होती, पाणी चांगलं कोमट होतं. दुसरी म्हणजे, सुरा घेतलेली आकृती खुनी झालेल्या अँथनी पर्किन्सची. तो त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये एका संगीत नाटकाच्या तालमी करत होता. पडद्याआड उभी होती ती एक स्टंट करणारी बाई.

मग जखमा कुठून आल्या? तुकडे हिचकॉकनं दिले, शिवण आपण घातली. संगीतकार बर्नार्ड हरमननं नुसत्या तंतुवाद्यांवर रचलेल्या किंचाळ्यांनी त्या शिवणीला दोरा पुरवला. हिचकॉकला तर या दृश्याला संगीतच नको होतं. हरमननं तरीही ते रचून ऐकवलं आणि हिचकॉकनं आपला हट्ट सोडला. घरी एकदा आवाज बंद करून हे दृश्य पाहा, भीती निम्म्यानं उतरते.

गैरसमज २: शेवट कळला की सिनेमा संपला.

वस्तुस्थिती: या समजुतीला खतपाणी घातलं ते हिचकॉकनंच. सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, अशी अट त्यानं थिएटरांना घातली. तोवर अमेरिकेत लोक वाटेल तेव्हा येत, अर्ध्यातून बसत आणि पुढच्या खेळात सुरुवातीचा भाग पाहून उठत. आपल्याकडे पाट्या चुकल्या म्हणून हळहळणारा माणूस त्यांना वेडाच वाटला असता.

पण याच हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत समजावलं होतं की धक्का वेगळा आणि ताण वेगळा. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कोणालाच ठाऊक नाही आणि तो फुटला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, आणि टेबलावरची माणसं मात्र निवांत गप्पा मारत बसली आहेत, तर त्या रटाळ गप्पांचं एकेक मिनिट जीव खातं. म्हणजे आधी कळणं हाच ताणाचा कच्चा माल आहे.

२०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी वाचकांना काही कथा शेवट आधीच सांगून वाचायला दिल्या, तर सरासरीनं त्या जास्त आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांचे निकाल उलटही आले. तेव्हा शेवट फोडणाऱ्या मित्राला पदक द्यायची गरज नाही. पण ज्या सिनेमाचा सगळा जीव शेवटच्या पाच मिनिटांत असतो, तो दुसऱ्यांदा पाहवत नाही. ‘सायको’ मात्र लोक सहा दशकं पुन्हा पुन्हा पाहत आले आहेत.

गैरसमज ३: ‘सत्य घटनेवर आधारित’, म्हणजे हे असंच घडलं होतं.

वस्तुस्थिती: ‘सायको’चा धागा विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लेनफिल्ड गावच्या एड गीनपर्यंत जातो. त्याला १९५७ च्या नोव्हेंबरात पकडलं. दोन बायकांचा खून आणि कबरी उकरून नेलेले अवशेष, असं ते प्रकरण होतं. रॉबर्ट ब्लॉक हा लेखक तेव्हा तिथून फार लांब राहत नव्हता. त्याची कादंबरी १९५९ मध्ये आली. पण गीनकडे ना लॉज होतं, ना शॉवर, ना पैसे घेऊन पळालेली कारकून मुलगी. आईच्या धाकात वाढलेला एकटा माणूस आणि त्याचं बंद घर, एवढंच बीज ब्लॉकनं उचललं. बाकी झाड त्याचं.

आपल्याकडचं उदाहरण रमन राघवचं. १९६० च्या दशकात मुंबईच्या फुटपाथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांवर हल्ले करणारा हा माणूस १९६८ मध्ये पकडला गेला. त्याला फाशी सुनावली गेली, पण मनोविकारतज्ज्ञांच्या तपासणीनंतर ती जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये पुण्यात तो वारला. अनुराग कश्यपचा ‘रमन राघव २.०’ (२०१६) त्याचं नाव घेतो आणि सुरुवातीलाच सांगतो की हा सिनेमा त्याच्याबद्दल नाही. तरी थिएटरातून बाहेर पडलेला प्रेक्षक ‘अरे, हे खरं घडलंय’ असंच घरी सांगतो.

गैरसमज ४: सायको, सायकोपॅथ, स्किझोफ्रेनिया, दुहेरी व्यक्तिमत्त्व, सगळं एकच.

वस्तुस्थिती: या गोंधळात सिनेमाइतकाच शब्दांचाही दोष आहे. ‘सायको’ हा शब्द ज्या ग्रीक मुळातून येतो त्याचा अर्थ फक्त ‘मन’ किंवा ‘आत्मा’. बाकीच्या गोष्टी एकमेकींपासून बऱ्याच दूर आहेत.

सायकोसिस म्हणजे वास्तवाशी संपर्क सुटणे. नसलेले आवाज ऐकू येणं, शेजारी आपल्या जेवणात विष कालवतात अशी पक्की खात्री वाटणं, ही त्याची रूपं. सायकोपॅथीमध्ये वास्तव पुरेपूर कळत असतं, उणीव असते ती कणवेची आणि पश्चात्तापाची. एकाच्या मनाच्या खिडकीबाहेरचा देखावा बदललेला असतो. दुसऱ्याला देखावा स्वच्छ दिसतो, पण त्यातल्या माणसांचं काही वाटत नाही.

स्किझोफ्रेनियाचं तर नावच दगा देतं. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हा शब्द घडवला, ‘दुभंगणे’ आणि ‘मन’ या अर्थांच्या ग्रीक मुळांपासून. त्यांना म्हणायचं होतं की विचार, भावना आणि कृती यांची आपसातली सांधेजोड सैल होते. लोकांनी ऐकलं ते एका शरीरात दोन माणसं. मराठीतला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्दही तीच खोट घेऊन आला.

‘सायको’तला खुनी नॉर्मन बेट्स कधी मुलगा असतो, कधी स्वतःचीच आई. पडद्यावर दाखवलंय ते दुहेरी व्यक्तिमत्त्व. वैद्यकात त्याचं नाव १९९४ मध्ये बदलून ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ असं झालं. त्यात स्मृतीत मोठी भोकं पडतात आणि मुळाशी बहुतेकदा लहानपणी सोसलेले भयंकर अत्याचार असतात. शेवटी एक डॉक्टर येऊन सगळं पाच मिनिटांत उलगडून सांगतो ना, ते सिनेमाच्या सोयीसाठी. खरं निदान इतक्या घाईनं आणि इतक्या छातीठोकपणे होत नाही.

गैरसमज ५: मनोरुग्ण म्हणजे धोका.

वस्तुस्थिती: इथे कोणीही चलाख वाचक अडवेल: गीनला डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाच सांगितला होता आणि रमन राघवलाही. मग? दोन्ही खरं आहे, पण ते अपवाद आहेत, आणि म्हणूनच त्या दोघांवर सिनेमे निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दोन कोटींहून जास्त लोकांना स्किझोफ्रेनिया आहे. त्यातले बहुसंख्य कोणावरही हात उगारत नाहीत. उपचार न मिळणं आणि दारू किंवा नशेची जोड यामुळे धोका वाढतो हे खरं, पण हिंसा करण्यापेक्षा हिंसा सोसण्याचीच पाळी त्यांच्यावर जास्त येते. आपल्याकडच्या गुन्हे नोंदणीच्या वार्षिक अहवालांत खुनाची कारणं चाळली तर वरच्या ओळींत वाद, जुनी दुश्मनी, फायद्याचा हिशेब असली ‘शहाण्या’ माणसांची कारणं दिसतात.

ज्यांच्यावर थरारपट निघत नाही अशा एका घराची गोष्ट मराठीत सांगितली गेली आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’मध्ये (२००४) अतुल कुलकर्णींचा शेष भ्रमांनी वेढलेला आहे आणि सोनाली कुलकर्णींची सीना त्याला समजून घेता घेता स्वतः थकत चालली आहे. तिथे सुरा नाही. आहेत ती औषधं, चिडचिड आणि आपला माणूस हातातून निसटत असल्याची भीती. ही भीती फार घरांना ओळखीची आहे. ‘तो जरा सायकोच आहे’ असं आपण चहाच्या टपरीवर हसत म्हणतो, तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या घरी एखादा शेष असू शकतो. अशा घरांसाठी सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

गैरसमज ६: असले सिनेमे आवडणारा माणूस विकृत, नाहीतर ते पाहून बिघडणारा.

वस्तुस्थिती: आवड आणि वृत्ती यांचं असं सरळ गणित मांडता येत नाही. घाबरल्यावर छाती धडधडते, तळहात ओले होतात, पण आपण खुर्चीत सुरक्षित आहोत हे मेंदूच्या एका कोपऱ्याला ठाऊक असतं. जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसणारा माणूस हीच गंमत विकत घेतो. २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या महिन्यांत, संशोधक कोल्टन स्क्रिव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत भयपटांच्या चाहत्यांनी मानसिक त्रास तुलनेनं कमी नोंदवला. एका पाहणीवरून भयपट औषध ठरत नाहीत, पण ‘विकृत’ हा शिक्का पुसायला तेवढी पुरते.

याचा अर्थ काहीही, कोणालाही दाखवावं असा नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांना लहानपणी पाहिलेल्या भीतिदायक दृश्यांबद्दल विचारलं, तेव्हा दहातल्या नऊ जणांना असा एखादा प्रसंग आठवला आणि जवळपास पाव जणांच्या मनातून ती धास्ती अजून गेलेली नव्हती. म्हणून सिनेमाच्या प्रमाणपत्राकडे पाहायचं. ‘ए’ म्हणजे अश्लील, असं आपल्या घराघरांत मानतात. त्याचा अर्थ फक्त ‘प्रौढांसाठी’ एवढाच आहे, आणि कारण हिंसा किंवा मानसिक छळ हेही असतं. कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनं ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे पाडलेत. पोरांना झोपवून सिनेमा लावण्याची आजवरची पद्धत मात्र कोणत्याही सेन्सॉर बोर्डापेक्षा जुनी आणि खात्रीची आहे. पोरं खरंच झोपली असतील तर.

गैरसमज ७: अशा सिनेमात आपण एका वेड्याला पाहत असतो.

वस्तुस्थिती: हा गैरसमज सगळ्यात खोल आहे, आणि तो मोडण्यासाठी हिचकॉकनं एक गाडी वापरली आहे.

सिनेमा सुरू होतो तेव्हा मॅरियन क्रेन फिनिक्समधल्या कचेरीतले ४०,००० डॉलर घेऊन पळते. ती चोर आहे, तरी वाटेत पोलिसानं तिच्या काचेवर टकटक केल्यावर आपणच सावरून बसतो. मग ती मरते. जिच्या बाजूनं आपण होतो ती नायिका अर्धा सिनेमा व्हायच्या आत गेली. आता आपण कोणाच्या बाजूला जायचं?

पडद्यावर उरलेला असतो नॉर्मन. तो न्हाणीघर पुसतो. फडका पिळतो, टब धुतो, प्रेत पडद्यात गुंडाळतो, आणि कॅमेरा जवळपास काही न बोलता हे सगळं दाखवत राहतो. आपल्या घरातलं आवरणं असतं तसंच ते. नकळत आपण त्याला मनातल्या मनात मदत करू लागतो: तो डाग राहिला, ते वर्तमानपत्र राहिलं. मग तो प्रेतासकट गाडी मागच्या दलदलीत ढकलतो आणि काठावर काहीतरी चघळत उभा राहतो. गाडी खाली जाऊ लागते. अर्धी जाते. आणि थांबते.

नॉर्मनचं चघळणं थांबतं. तो इकडेतिकडे पाहतो. आपणही श्वास रोखून बसलेलो असतो, आणि मनात एकच असतं: बुड ना बाई एकदाची. नंतर ती बुडते आणि आपल्याला हायसं वाटतं.

त्या डिकीत कोण आहे हे आपल्याला पुरतं ठाऊक असतं. पाऊण तासापूर्वी ती सुटावी म्हणून आपण जीव टांगणीला लावला होता. आपली कणव इतकी स्वस्तात आणि इतक्या लवकर पक्ष बदलते, हे त्या काही सेकंदांत उघडं पडतं. कडी दोनदा तपासली ती बाहेरच्या कोणासाठी, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

सिनेमाच्या अखेरीस कोठडीत बसलेला नॉर्मन मान वर करून थेट आपल्याकडे पाहतो. पण पडदा तिथे पडत नाही. त्याचा चेहरा विरतो आणि दिसते ती दलदल. चिखलानं माखलेली तीच गाडी साखळीनं ओढून बाहेर काढली जात असते.