कुलूप लावले म्हणजे झाले?

‘घर पाहावे बांधून’ असे वाडवडील सांगून गेले. बांधलेले घर सांभाळून पाहावे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. तशी गरजही नव्हती. तेव्हा घर बांधायचे ते राहण्यासाठी! कुलूप लावून ठेवण्यासाठी घर घेणे ही आपल्या पिढीची रीत.

नागपूरहून भंडाऱ्याला जाताना, भंडाऱ्याच्या थोडे अलीकडे महामार्गावर शहापूर लागते. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी. समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एखाद्या गृहस्थाने येथे पै-पै साठवून दोन खोल्या बांधल्या. ‘पुढेमागे किंमत येईल’ हा हिशेब. भाडेकरू मात्र नको! ही भीती जुनी आहे. विदर्भातील शहरांत १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश होता, तेव्हा भाडेकरूला नोटीस द्यायलाही रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. तो आदेश २००० साली गेला, भीती राहिली.

पहिली काही वर्षे दिवाळीला फेरी होते. मग मुलांच्या परीक्षा, आजारपणे. आणि एके दिवशी जावे, तर अंगणात दोरीवर परक्यांचे कपडे वाळत असतात. ‘कोण तुम्ही?’ या प्रश्नावर आतून उलट प्रश्न येतो, ‘तुम्ही कोण?’

अशा वेळी वाटते, चार माणसे आणावीत आणि सामान रस्त्यावर फेकावे. पण येथेच मालकाचा पाय घसरतो. घुसखोरीची तक्रार पोलिसांत तत्काळ करावी, गृह-अतिक्रमण हा गुन्हाच आहे. मात्र एकदा ताबा स्थिरावला की कायद्याच्या मार्गानेच घर सोडवावे लागते. बेकायदा ताबा गेलेल्याला १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमानुसार सहा महिन्यांत दावा करता येतो. त्यात मालक कोण हे पाहिले जात नाही, ताबा कोणाचा होता एवढेच पाहतात. म्हणजे हे हत्यार मालकाच्या हाती आहे, तसेच मालकाने दांडगाईने हुसकलेल्याच्याही!

सहा महिने उलटले तरी मालकी हक्कावर दावा करता येतो. पण घुसखोराने उघडपणे, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारून बारा वर्षे ताबा ठेवला, तर मूळ मालकाचा हक्कच संपतो. हा कायदा मालकावर अन्याय करणारा आहे, त्याचा फेरविचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सुचवले होते. २०२३ मध्ये विधी आयोगाने मात्र बदलाची गरज नाही असा अहवाल दिला.

मग सांभाळायला ठेवलेला माणूसच मालक होईल का? गोव्यातील एका बहीण-भावाच्या खटल्याने याचे उत्तर दिले. बहिणीचे यजमान नौदलात, बदल्या ठरलेल्या. घरात भाऊ राहू लागला. पुढे वाद झाला, तेव्हा त्याने ताब्याच्या आधारे सहा महिन्यांच्या त्याच तरतुदीखाली दावा लावला. खालच्या न्यायालयांत जिंकलाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. राखणदार, नोकर किंवा राखण करणारा नातलग कितीही वर्षे राहिला, तरी त्याला घरात हक्क मिळत नाही, असे ठरले. बहीण जिंकली खरी, पण आयुष्याची किती वर्षे खर्ची पडली!

म्हणून राखणदार आपलाच असला तरी दोन ओळी कागदावर घ्याव्यात. कोणाला राहायला द्यायचे तर करार करून नोंदवावा. घरपट्टी आपल्या नावाने भरून पावत्या जपाव्यात आणि वीजबिलावर नजर ठेवावी. वर्षातून दोनदा तरी जावे, शेजाऱ्यांशी बोलावे, घराचे फोटो काढावेत. पावती हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, पण आपण घर सोडून दिले नव्हते, हे ती सांगते.

आणि एक विचार मनाला शिवून जातो. घुसणारा दर वेळी लबाडच असतो असे नाही. कधी तो डोक्यावर छप्पर नसलेला संसारही असतो. त्याला आपले घर देऊन टाकावे असे कोणी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षे ज्याची विचारपूसही होत नाही, त्या घराला ‘माझे’ म्हणण्याआधी आपणही क्षणभर थांबायला हवे.

या दिवाळीत दूरच्या त्या घरी जाऊन या. अंगण झाडा, एक पणती लावा. कुलपापेक्षा त्या पणतीची राखण अधिक मोठी!