मनगटाचे माप

गेली पाच-सहा वर्षे माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टर त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. जिवाला धोका नाही, पण चहाचा कप बशीत वाजतो आणि बँकेत सही जुळत नाही. लिहायचे काम मी संगणकावर नेले. उरला तो एकच छंद, जो माझ्या वयाच्या माणसाने चारचौघांत सांगू नये असे घरच्यांचे मत आहे. मी व्हिडिओ गेम खेळतो.

आजच्या बऱ्याच गेममध्ये नेम धरण्यासाठी हातातला कंट्रोलर किंचित वळवायचा असतो. मनगट उजवीकडे वळले की पडद्यावरची नजर उजवीकडे. अंगठ्याने चिमुकली दांडी ढकलण्यापेक्षा हे कितीतरी नैसर्गिक आहे. दोन वर्षांपूर्वी असाच एक गेम घेतला, तर माझ्या थरथरीसकट सारा पडदा थरथरू लागला. सेटिंगमध्ये दोनच गोष्टी होत्या. मोशन कंट्रोल चालू किंवा बंद, आणि संवेदनशीलता एक ते दहा. एकवर ठेवले तर थरथर कमी झाली, पण मान वळवायला हात पाठीमागे न्यावा लागे. मी ते बंद केले. मग प्रश्न पडला, की एवढ्या गुंतागुंतीच्या हालचालीला एकच खुंटी का? उत्तर शोधताना आधी यंत्र समजून घ्यावे लागले.

कंट्रोलरमध्ये दोन संवेदक असतात. पहिला त्वरणमापक, म्हणजे गवंड्याचा ओळंबाच. खालची दिशा कोणती हे त्याला कळते. निन्टेन्डोचा वी हा संच २००६ साली आला तेव्हा त्याच्या रिमोटमध्ये हाच होता, जोडीला टीव्हीजवळचे अवरक्त दिवे पाहणारा लहानसा कॅमेरा. पण ओळंबा हातात धरून जागच्या जागी गिरकी घेतली तर दोरी जिथल्या तिथे सरळच राहते. आपण फिरलो हे तिला कळत नाही. ही उणीव भरून काढायला २००९ मध्ये त्या रिमोटला एक जोड आली. तीत जायरोस्कोप होता.

या शब्दासरशी फिरणारा भोवरा डोळ्यांसमोर येतो, आणि ते बरोबरही आहे. लेऑं फुकोने १८५२ मध्ये पृथ्वीचे फिरणे दाखवण्यासाठी जे उपकरण केले आणि ज्याला हे नाव दिले, त्यात फिरते चाकच होते. कंट्रोलरमधल्या चिपमध्ये मात्र काहीच फिरत नाही. सिलिकॉनचा केसाहूनही बारीक दातांचा एक कंगवा सेकंदाला हजारो वेळा पुढे-मागे कंप पावत असतो. चिप वळली की हा कंप आडव्या दिशेला किंचित ढकलला जातो. फिरत्या चक्रीवर मध्यापासून कडेकडे चालणारा माणूस बाजूला लोटला जातो, तोच हा प्रकार. गास्पार कोरिऑलिसने त्याचे गणित १८३५ मध्ये मांडले. तो आडवा ढकला मोजला की वळण्याचा वेग मिळतो.

वेग मिळतो, कोन नव्हे. कोन हवा तर क्षणाक्षणाचा वेग बेरजेत धरावा लागतो, आणि बेरजेत चूकही साठते. कंट्रोलर टेबलावर निश्चल असताना चिप अर्धा अंश प्रतिसेकंद वेग दाखवत असेल, तर मिनिटभरात पडदा आपोआप तीस अंश सरकेल. तागडीला पासंग असावा तसे हे आहे. वजन करण्याआधी दुकानदार पासंग काढतो, तसा इथेही काढावा लागतो. कंट्रोलर क्षणभर स्थिर ठेवायचा आणि त्या वेळचे माप शून्य मानायचे. काही गेम हे काम आपल्याला न विचारता करतात. पण कोणी सावकाश, एकसारख्या वेगाने नेम सरकवत असेल तर त्यालाही ते पासंग समजतात आणि हालचाल गिळून टाकतात. म्हणून हे बटण खेळणाऱ्याच्या हाती असलेले बरे.

संवेदनशीलतेचा आकडा हा तर सरळ गोंधळ आहे. एका गेममधला सहा आणि दुसऱ्यातला सहा यांचा परस्परांशी संबंध नसतो. मेट्रिक मापे येण्यापूर्वी गावोगावची पायली वेगळी असे, तसेच हे. जिब स्मार्ट या प्रोग्रामरने याबद्दल बरेच लिहिले आहे. त्याचे म्हणणे साधे आहे: माप गुणोत्तरात सांगा. एक म्हणजे मनगट दहा अंश वळले तर गेममधली नजरही दहा अंश वळेल; तीन म्हणजे तीस. मग एकदा जुळलेला आकडा माणूस कुठल्याही गेममध्ये नेऊ शकतो. २०२२ मध्ये फोर्टनाइटमध्ये जायरोच्या सविस्तर सेटिंग आल्या, त्यामागे त्याचेच काम होते.

अक्षांची अडचणही अशीच दुर्लक्षित. चिप कंट्रोलरला जखडलेली असते, जगाला नव्हे. कंट्रोलर मांडीवर आडवा धरून डावीकडे वळवला तर एक अक्ष हलतो; सोफ्यावर रेलून तो उभा धरला तर त्याच वळण्यात दुसराच अक्ष हलतो. इथे ओळंबा कामी येतो. खाली कुठे आहे हे कळले की धरण्याची तऱ्हा कशीही असली तरी डावे-उजवे नीट ओळखता येते. गणित फार अवघड नाही. तरी पुष्कळ गेम हा पर्याय देत नाहीत.

आणि हात अवघडला की काय करायचे? संगणकाचा माऊस आपण उचलून पुन्हा मध्यावर ठेवतो. कंट्रोलरला हवे ते एक बटण, दाबले की जायरो थांबेल. स्टीम डेकच्या दांड्यांना अंगठ्याचा स्पर्श कळतो, त्यामुळे अंगठा टेकवला तरच जायरो चालू अशी सोय तिथे करता येते.

आता थरथर. रूढ उपाय म्हणजे ठरावीक वेगाखालची सगळी हालचाल सोडून द्यायची. हा उपाय मला आळशीपणाचा वाटतो. बारीक नेम हाही हळूच धरला जातो, तोही त्यात जातो. दुसरा उपाय सरासरीचा. माझ्या मोबाइलमध्येही हाच संवेदक आहे. तो हातात धरून आलेख पाहिला तर सेकंदाला साधारण सहा हेलकावे दिसले. या विकारात ते चार ते बाराच्या दरम्यान असतात. म्हणजे एक हेलकावा सेकंदाच्या एकषष्ठांशाचा. तेवढ्याच काळाची सरासरी घेतली तर डावीकडचे जाणे आणि उजवीकडचे येणे एकमेकांना खाऊन टाकतात, मुद्दाम केलेली संथ हालचाल शिल्लक राहते. किंमत उशिराची. सरासरीमुळे पडदा त्या काळाच्या निम्म्याने, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या हिश्शाने मागे राहतो. सेकंदाला साठ चित्रांच्या गेममध्ये ही पाच चित्रे झाली. नेमबाजीच्या स्पर्धेत एवढ्यात जीव जातो. म्हणून सरासरी फक्त मंद हालचालींना लावायची आणि जोरात वळवलेले मनगट थेट पडद्यावर जाऊ द्यायचे. स्मार्टच्या जॉयशॉकमॅपर या मोफत प्रोग्राममध्ये सरासरीचा काळ आणि वेगाची मर्यादा, दोन्ही आपण ठरवू शकतो.

हे आकडे माझे आहेत. सेकंदाला दहा हेलकावे असलेल्या माणसाला छोटी सरासरी पुरेल. गेम बनवणाऱ्याला दोघांचेही हात दिसत नाहीत, मग तो अंदाज बांधणार कसा?

कंपन्या हे का देत नाहीत, याची कारणे अगदीच चुकीची नाहीत. सेटिंगची लांबलचक यादी पाहून नवखा माणूस बिचकतो. शिवाय एक्सबॉक्स वन आणि सीरीज, दोन्ही पिढ्यांच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये जायरोच नाही. सगळ्या संचांसाठी निघणाऱ्या गेममध्ये मग ते अर्ध्यांचेच काम ठरते. याच कंपनीने २०१८ मध्ये अपंग खेळाडूंसाठी मोठ्या बटणांचा वेगळा कंट्रोलर काढला, तो उत्तम आहे. उलट टोकाला २०१७चा झेल्डा: धनुष्याचा मोशन-नेम बंद करता येतो, पण काही देवळांतली चेंडू घरंगळवण्याची कोडी कंट्रोलर तिरका केल्यावाचून सुटत नाहीत. (लोकांनी चक्रव्यूहाची पाटी उलटी करून तिच्या सपाट पाठीवरून चेंडू नेला, हे त्यांचे कौतुक.) चालू-बंदची खुंटीही तिथे नाही.

माझी जुळणी भाच्याने करून दिली. सरासरी ०.१६ सेकंद, गुणोत्तर अडीच, वेगाची मर्यादा तीन-चार संध्याकाळी चाचपून. मग तो स्वतः खेळून पाहायला बसला आणि मिनिटभरात कंट्रोलर परत दिला. "मामा, हे काकवीत चमचा फिरवल्यासारखं वाटतंय." त्याच्या हाताला ते जड जाणारच. आता संगणकावर दोन फायली आहेत, एक त्याच्या नावाची, एक माझ्या. तो आला की मी माझी बंद करून त्याची उघडतो. परवा विसरलो, तर त्याच्या फायलीत पडद्यावरची शेळी उभ्या जागी नाचत होती.